फाइल निम्मी झाली, तरी डिस्कवरचा आकडा हलेना : एका डीव्हीडीचे प्रकरण

एका परिचित गृहस्थांकडे नृत्यनाट्याच्या एका प्रयोगाचे दोन तास अठरा मिनिटांचे चित्रण होते. फाइल एमपी-४ प्रकारची, आकार १.९ जीबी. घरातील वडीलधाऱ्यांना ते टीव्हीला जोडलेल्या जुन्या डीव्हीडी प्लेअरवर पाहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी असे ठळक छापलेले, हातातील फाइल त्याच्या निम्म्याहूनही लहान. तेव्हा हे काम अर्ध्या तासाचे आहे असे त्यांना वाटले असेल तर त्यात त्यांची चूक नव्हती. प्रत्यक्षात त्यात चार दिवस गेले आणि पाच डिस्क वाया गेल्या, आणि मग ते माझ्याकडे आले.

त्या चार दिवसांत त्यांनी काय काय केले, ते क्रमाने सांगायला हवे, कारण निदानाचा धागा त्यातच होता. प्रथम त्यांनी एमपी-४ फाइल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली. ती बसली, संगणकावर चाललीही. प्लेअरने मात्र डिस्क ओळखण्यास नकार दिला. हे अपेक्षितच होते. फाइल ठेवलेली डिस्क आणि व्हिडिओ डिस्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुन्या प्लेअरला व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर, त्यातील आयएफओ (मांडणीची माहिती) आणि व्हीओबी (प्रत्यक्ष चित्र-ध्वनी) फाइली आणि एमपेग-२ या पद्धतीने आवळलेले चित्र लागते. हे कळल्यावर त्यांनी डीव्हीडी ऑथरिंगचा, म्हणजे अशी व्हिडिओ डिस्क रचून देणारा, एक प्रोग्रॅम घेतला, फाइल त्यात टाकली, आणि पडद्याच्या तळाशी लाल पट्टी उमटली : प्रकल्प ६.४३ जीबी, डिस्क ४.३८ जीबी.

येथून गोंधळ सुरू झाला. १.९ जीबीची फाइल ६.४३ जीबी कशी झाली हे न उमगल्यामुळे त्यांनी मूळ फाइलच लहान करण्याचा मार्ग धरला. एका कन्व्हर्टरमधून काढून ती ९०० एमबीवर आणली आणि पुन्हा प्रोग्रॅममध्ये टाकली, आकडा ६.४३. आणखी आवळून ५०० एमबीवर आणली, तेव्हा चेहरे पुसट दिसू लागले. आकडा तरीही ६.४३. “अहो, चौथा हिस्सा उरला तरी हा आकडा जागचा हलत नाही, म्हणजे प्रोग्रॅमच बिघडलेला असणार,” असे ते मला म्हणाले. प्रोग्रॅम बिघडलेला नव्हता. दशांश चिन्हापुढचे दोन्ही आकडे तिन्ही वेळा तेच राहावेत, हीच या प्रकरणातील सर्वांत बोलकी खूण होती. मूळ फाइलच्या आकाराचा डिस्कवरील आकाराशी संबंध असता, तर तो थोडा तरी हलला असता.

आकडा का हलत नव्हता

ऑथरिंगचा प्रोग्रॅम मिळालेली फाइल कापत नाही की पसरवत नाही. तो ती उलगडून एकेक फ्रेम मोकळी करतो आणि सगळे चित्र एमपेग-२ मध्ये नव्याने एन्कोड करतो, म्हणजे त्या पद्धतीने आवळून साठवतो. नव्या फाइलचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो : चित्रणाचा कालावधी आणि दर सेकंदाला खर्च होणारे बिट, म्हणजे बिटरेट. कालावधी ८,२८० सेकंद. तो मूळ फाइल कितीही आवळली तरी तेवढाच राहतो. बिटरेट प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये लिहिलेला, तोही तोच. दोन्ही संख्या स्थिर असतील तर गुणाकार बदलणार कसा? मूळ फाइल आवळून फक्त एक गोष्ट साधली : नव्या एन्कोडला मिळणारे चित्र अधिक खराब झाले.

मूळ १.९ जीबीत जे चित्र चांगले दिसते त्याला डीव्हीडीवर दुपटीहून जास्त जागा का लागते, हाही प्रश्न त्यांनी विचारला. मूळ फाइल चित्र आवळण्याच्या एच.२६४ पद्धतीची होती. ते मानक २००३ मध्ये मंजूर झाले. डीव्हीडी-व्हिडिओ बाजारात आला तो १९९६ मध्ये, त्याहून जुने एमपेग-२ तंत्र घेऊन. एमपेग-२ चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे ठोकळे पाडते आणि बिट कमी पडले की त्या ठोकळ्यांच्या कडा उघड्या पडतात; एच.२६४ मध्ये ठोकळ्यांचे आकार गरजेनुसार लहानमोठे होतात आणि त्यांच्या कडा मवाळ करणारी चाळणी एन्कोडिंगच्या आतच बसवलेली असते. शिवाय डीव्हीडीचा एक नियम आहे. टीव्ही-चित्राच्या पाल (PAL) पद्धतीत दर १५ फ्रेमच्या आत, म्हणजे ०.६ सेकंदाच्या आत, एक संपूर्ण चित्र नव्याने साठवावे लागते, जेणेकरून प्लेअरला पुढे-मागे उडी मारता यावी. ८,२८० सेकंदांत अशी किमान १३,८०० पूर्ण चित्रे होतात. एमपी-४ मध्ये दोन पूर्ण चित्रांमध्ये दहा सेकंदांचे अंतरही सहज चालते. जागा कोठे जाते, त्याचा मोठा भाग या दोन गोष्टींत आहे.

दोन प्रकारचे जीबी

मूळ फाइल आवळून उपयोग नाही हे ध्यानात आल्यावर त्यांनी प्रोग्रॅममधील व्हिडिओचा बिटरेट ५,००० वरून ३,००० किलोबिटवर आणला. दिशा योग्य होती. तयार फोल्डर विंडोजमध्ये ४.४७ जीबी दिसला. डिस्कवर ४.७ छापलेले, म्हणजे आता तरी बसायला हवे. बर्निंगच्या प्रोग्रॅमने मात्र जागा अपुरी असल्याचे सांगितले. सक्तीने बर्न करण्याचा पर्याय वापरून त्यांनी दोन डिस्क खर्ची घातल्या आणि दोन्ही शेवटाजवळ अडकल्या.

येथील गोम मोजमापात आहे. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे बरोबर १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १,०२४ च्या तीन वेळा गुणाकाराने येणारी संख्या, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट, एक जीबी मानते आणि नाव तेच लावते. एकपदरी, म्हणजे नोंदीचा एकच थर असलेल्या, डीव्हीडी प्लस-आर डिस्कवर २,०४८ बाइटचे २२,९५,१०४ सेक्टर (साठवणीचे कप्पे) असतात, म्हणजे ४,७०,०३,७२,९९२ बाइट. डीव्हीडी मायनस-आर किंचित मोठी, ४,७०,७३,१९,८०८ बाइटची. डिस्क बनवणाऱ्यांच्या भाषेत हे ४.७, विंडोजच्या भाषेत ४.३८. त्यांचा ४.४७ जीबीचा फोल्डर प्रत्यक्षात ४.८० अब्ज बाइटचा होता. डिस्कपेक्षा दहा कोटी बाइटने जास्त. लाल पट्टीशेजारी ४.३८ हा आकडा पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता, पण खोक्यावरील ४.७ वर त्यांचा अधिक विश्वास बसला. आकारांची तुलना करायची असेल तर जीबीच्या फंदात न पडता फाइलच्या प्रॉपर्टीजमधील बाइटची पूर्ण संख्या पाहावी, असे मी ज्याला त्याला सांगतो.

ध्वनीकडे कोणी पाहिलेच नव्हते

मी त्यांच्याकडून मूळ फाइल, प्रकल्पाची फाइल आणि तो ४.४७ जीबीचा फोल्डर मागवून घेतला. फोल्डर आधी चालवून पाहिला. पहिल्या दहा मिनिटांत तक्रार करावी असे काही नव्हते. एक तास बारा मिनिटांच्या सुमारास रंगमंचावर निळा प्रकाश येतो आणि नर्तिका गिरकी घेते; तेथे तिच्या घेरदार वस्त्राची कड सुटून तिच्याभोवती चौकोनी ठोकळ्यांचे कडे तयार झाले होते आणि मागच्या काळ्या पडद्यावर राखाडी चट्टे सरकत होते. एमपेग-२ ला बिट कमी पडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित पाहायला मिळते. तेव्हा ३,००० वरून आणखी खाली जाण्याचा प्रश्नच नव्हता. वास्तविक वर जायला हवे होते, आणि डिस्कमध्ये तर आहे तेही बसत नव्हते.

मग मी हिशेब मांडला. ३,००० किलोबिट गुणिले ८,२८० सेकंद, भागिले आठ : ३.१ अब्ज बाइट. फोल्डर होता ४.८ अब्जांचा. मेनू आणि पॅकेटांची वेष्टने मिळून फार तर शेकडा दोन-तीन जागा खातात. उरलेले दीड अब्ज बाइट गेले कोठे?

ध्वनीच्या सेटिंगचे पान उघडल्यावर उत्तर मिळाले. तेथे पीसीएम निवडलेले होते. ती निवड कोणी मुद्दाम केलेली नव्हती. प्रोग्रॅमने आपणहून ठेवलेली होती आणि चार दिवसांत त्या पानावर कोणी गेलेच नव्हते. पीसीएम म्हणजे अजिबात न आवळलेला ध्वनी : सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, दोन वाहिन्या, मिळून १,५३६ किलोबिट. ८,२८० सेकंदांत त्याचे १.५९ अब्ज बाइट होतात, म्हणजे डिस्कच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. गंमत अशी की मूळ एमपी-४ मधील ध्वनी १२८ किलोबिटचा होता. त्याला बरोबर बारापट फुगवून साठवल्याने त्याच्या दर्जात काडीचीही भर पडत नव्हती. जे एकदा गाळले गेले ते पीसीएममध्ये परत येत नाही. चित्राच्या तोंडचा घास काढून तो अशा ध्वनीला दिला जात होता ज्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

तेथे मी पीसीएमऐवजी एसी-३ ही आवळलेल्या ध्वनीची पद्धत निवडली. भाषण किंवा निवेदन असते तर १९२ किलोबिट पुरले असते. नृत्यनाट्यात घुंगरू आणि तालवाद्ये असल्याने, आणि एसी-३ हे एमपी-४ मधील एएसी ध्वनीपेक्षा जुने आणि खर्चिक तंत्र असल्याने, २५६ ठेवले. ध्वनीचा वाटा १.५९ अब्जांवरून २६.५ कोटी बाइटवर आला.

असे प्रकल्प वरचेवर येतात आणि बहुतेकांत हेच आढळते, म्हणून एक सावधगिरीची सूचना येथेच नोंदवतो. ‘डिस्कमध्ये बसवा’ अशा अर्थाचे एक बटण अनेक प्रोग्रॅममध्ये असते. ते दाबले असते तर या प्रकल्पातील व्हिडिओचा बिटरेट २,९०० च्या आसपास उतरला असता, लाल पट्टी हिरवी झाली असती, आणि पीसीएम मात्र तसेच राहिले असते. अडचण मिटल्यासारखी वाटली असती आणि ठोकळे वाढले असते. तयार झालेला मोठा फोल्डर घेऊन तो ४.३८ मध्ये दाबून बसवणारे प्रोग्रॅमही याच कारणाने मी येथे वापरले नाहीत : ते चित्र दाबतात, ध्वनीला हात लावत नाहीत, आणि मूळ फाइलपर्यंत न जाता आधीच एकदा एमपेग-२ झालेल्या चित्रावर पुन्हा कात्री चालवतात.

जागेची वाटणी

डिस्क ४.७० अब्ज बाइटची असली तरी मी ती काठोकाठ भरत नाही. डीव्हीडीवर लेखन आतून बाहेर होत जाते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डिस्कचा शेवट अगदी बाहेरच्या कडेला येतो, आणि जुन्या प्लेअरची अडखळ नेमकी तेथे होते. प्रयोगाचा शेवटचा प्रवेश अडखळलेला कोणालाच नको असतो. म्हणून ४.५ अब्ज बाइट हे उद्दिष्ट धरले. त्यातून वेष्टनाचे शेकडा दोन वजा जाता ४.४१ अब्ज उरले. त्याला आठने गुणून ८,२८० ने भागले की सेकंदाला ४,२६१ किलोबिट येतात. ध्वनीचे २५६ वजा केले की चित्राला ४,००५. मी ४,००० लिहिले. आधीच्या ३,००० पेक्षा चित्राला एकतृतीयांश जास्त, आणि फोल्डर तरीही आधीपेक्षा लहान.

दुसरे दोन मार्गही तपासले. दुपदरी डिस्कवर ८.५ अब्ज बाइट मावतात, म्हणजे पहिला ६.४३ जीबीचा प्रकल्पही काही न बदलता गेला असता. परंतु घरी बर्न केलेल्या दुपदरी डिस्क वाचताना जुने प्लेअर अडतात, आणि एका पदरावरून दुसऱ्यावर जाताना क्षणभर चित्र थबकते; ज्या प्लेअरसाठी हा सारा खटाटोप चालला होता तोच पंधरा वर्षे जुना होता. मध्यंतराशी तोडून दोन डिस्क करणे हा दुसरा मार्ग. चित्राच्या दृष्टीने तोच सर्वांत चांगला, आणि प्रयोग तीन तासांचा असता तर मी तोच निवडला असता, कारण तेव्हा चित्राच्या वाट्याला जेमतेम ३,००० उरतात. सव्वादोन तासांना मात्र एक डिस्क पुरते, आणि उठून डिस्क बदलावी लागू नये ही त्यांची इच्छाही होती.

एन्कोड अर्थातच मूळ १.९ जीबीच्या फाइलवरून केला, ९०० किंवा ५०० एमबीच्या प्रतींवरून नव्हे. सुदैवाने मूळ फाइल कॅमेऱ्याच्या कार्डावर शिल्लक होती. दोन फेऱ्यांची बदलता बिटरेट पद्धत निवडली : पहिल्या फेरीत एन्कोडर कोणते प्रसंग अवघड आहेत हे नुसते मोजतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे बिट वाटतो. निवेदक माइकसमोर स्थिर उभा असताना हजार-दीड हजार किलोबिटमध्ये भागते. गिरकीला सात हजार लागतात. सरासरी ४,०००, कमाल ८,०००. मानकाने चित्राला ९,८०० पर्यंत मुभा दिलेली असली तरी बर्न केलेल्या डिस्कवर जुन्या प्लेअरला तितके पळवू नये, असा माझा अनुभव आहे. अंधाऱ्या प्रसंगांत कॅमेऱ्याने प्रकाश वाढवण्याच्या नादात जी बारीक रवाळ खळबळ आणली होती, तीही हलक्या हाताने शांत केली. एन्कोडरला रवा आणि नृत्य यांतला फरक कळत नाही, तो दोन्हींवर सारखेच बिट उधळतो. मेनूमागे सतत फिरणारी चित्रफीत काढून तेथे एक स्थिर चित्र ठेवले. यात फार जागा वाचली नाही, पण ती तेथे कशासाठी होती हेही कोणाला सांगता येत नव्हते.

फोल्डर तयार झाला तो विंडोजच्या मोजणीने ४.१८ जीबीचा, म्हणजे ४.४९ अब्ज बाइटचा. एक तास बारा मिनिटांवरील निळी गिरकी आता सलग दिसत होती. अगदी जवळ जाऊन पाहिले तर वस्त्राच्या कडेला किंचित थरथर, एवढेच.

शेवटचा अडसर

हा फोल्डर मी त्यांना एका बाह्य ड्राइव्हवर दिला आणि बर्न करण्याआधी त्याची आयएसओ प्रतिमा, म्हणजे सगळी डिस्क सामावणारी एकच फाइल, बनवून घ्यावी असे सुचवले. प्रतिमा जवळजवळ पूर्ण होत आली असता थांबली. प्रोग्रॅम म्हणे जागा नाही. ड्राइव्हवर शंभर जीबीहून अधिक जागा रिकामी होती. त्यांचा आवाज ऐकून चार दिवसांचा वैताग परत आल्याचे कळत होते.

ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्या पद्धतीत एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, मग ड्राइव्ह कितीही रिकामा असो. फोल्डर त्यावर विनातक्रार बसला होता, कारण डीव्हीडीच्या व्हीओबी फाइली मुळातच एकेक जीबीच्या आत तोडलेल्या असतात. त्या सर्वांची मिळून एकच आयएसओ होऊ लागली तेव्हा ती मर्यादेला जाऊन थडकली. प्रतिमा संगणकाच्या आतील, ही मर्यादा नसलेल्या एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर बनवल्यावर पाच मिनिटांत पूर्ण झाली.

प्रथम पुन्हा वापरता येणाऱ्या डिस्कवर चाचणी घेतली, मग कोऱ्या प्लस-आर डिस्कवर आठपट वेगाने बर्न करून पडताळणी केली. पडताळणीत एकही चूक निघाली नाही, तरी मी त्यावर थांबलो नाही. संगणकाचा ड्राइव्ह जे वाचतो ते पंधरा वर्षे जुना प्लेअर वाचेलच असे नाही. त्यांनी घरच्या प्लेअरवर शेवटची दहा मिनिटे, पडदा पडेपर्यंत, न थांबवता पाहिली आणि मधून मधून पुढे-मागे उड्या मारून पाहिल्या. कोठे अडखळ नव्हती. डिस्कची खालची बाजू उजेडात तिरकी धरली की बर्न झालेला गडद भाग कोठे संपतो ते दिसते. कडेला सुमारे एक मिलिमीटरची कोरी पट्टी उरली होती.

त्यांच्या संगणकावर अजून एकाच नावाच्या तीन फाइली तीन फोल्डरांत पडून होत्या : १.९ जीबी, ९०० एमबी आणि ५०० एमबी. दुसरी प्रत काढताना चुकीची उचलली जाऊ नये म्हणून धाकट्या दोन्ही त्यांना माझ्यासमोरच पुसायला लावल्या.